वजन उतरावे, शक्ती उतरू नये

लखनौ शहराची ख्याती दोन गोष्टींसाठी आहे: बोलण्यातील अदब आणि स्वयंपाकातील नजाकत. हिवाळ्याच्या सकाळी तेथील चौकात मलई-मक्खन विकावयास येते. नहारीबरोबर कुलचा, कबाबांबरोबर शीरमाल आणि शेवटी गरम जिलेबी, असा तेथील पाहुणचार असतो. पाहुण्याने 'पुरे' म्हटले, तर यजमान तो संकोच समजतो आणि आणखी वाढतो. नोकरीनिमित्त महाराष्ट्रातून तेथे गेलेल्या कुटुंबांना हा आग्रह परका वाटत नाही. आपल्या पंगतीतही आग्रहाशिवाय जेवण झाल्यासारखे वाटत नाही.

आग्रह प्रेमाचा असतो, हे खरे. तथापि, त्याचा हिशेब शरीर ठेवीत असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वर्षे वयाच्या सुमारे २४ टक्के स्त्रिया व २३ टक्के पुरुष जादा वजनाचे आढळले. २०१५-१६ च्या पाहणीत हेच प्रमाण सुमारे २१ व १९ टक्के होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे. वाढलेले वजन हे मधुमेहाचे एकमेव कारण नसले, तरी एक मोठे कारण आहे. यास्तव पुष्कळांना वजन कमी करावेसे वाटते. प्रश्न असा की, ते शरीराला अपाय न करता कसे करावे?

वजन वाढते कसे?

अब्दुल हलीम शरर यांनी जुन्या लखनौविषयी लिहिलेल्या ग्रंथात अवधचे राजे गाजीउद्दीन हैदर (कारकीर्द १८१४-१८२७) यांच्या स्वयंपाक्याची कथा आहे. तो रोज सहा पराठे करी आणि एकेका पराठ्यासाठी पाच शेर तूप मागून घेई. वजिराने जाब विचारला, तेव्हा त्याने त्याच्यासमोर पराठा तळून दाखविला आणि उरलेले तूप फेकून दिले. एकदा वापरलेले तूप त्याच्या लेखी निकामी होते.

ही उधळपट्टी ऐकून आपल्याला हसू येते. परंतु त्या स्वयंपाक्याने तूप फेकून तरी दिले! आज तेलाचा डबा साध्या घरातही असतो, आणि त्यातील जवळजवळ सर्व तेल घरच्यांच्या पोटात जाते. माणशी दिवसाला सुमारे पाच लहान चमचे, म्हणजे २५ ग्रॅम, तेल-तूप पुरेसे असते. चार माणसांच्या घरात हे महिन्याला ३ किलो होते. आपल्या घरी महिन्याला किती तेल लागते, हे वाण्याच्या यादीवरून सहज समजेल.

अन्नातून मिळणारी ऊर्जा कॅलरीत मोजतात. एक ग्रॅम तेलातून किंवा तुपातून ९ कॅलरी मिळतात. पिष्टमय पदार्थ, साखर व प्रथिने यांतून ग्रॅममागे ४. शरीराला लागते त्याहून अधिक ऊर्जा आली की, ती चरबीच्या रूपाने साठते. अंगावरील एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७७०० कॅलरींची शिल्लक होय. दिवसाला चार कप चहा व प्रत्येक कपात दोन चमचे साखर घेणारा मनुष्य केवळ साखरेतून सुमारे १६० कॅलरी घेतो. म्हणजे वजन वाढण्यास मेजवानीच लागते असे नाही. रोजचा चहाही पुरतो.

वजनकाटा सर्व काही सांगत नाही

"मी तर सडपातळ आहे, मला काय भीती?" असे कोणी म्हणेल. अशा वाचकांनी पुण्याचे एक उदाहरण लक्षात घ्यावे. के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन संशोधकांनी २००४ मध्ये 'लान्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच छायाचित्र व मोजमापे प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे होते. दोघांचाही देहभार निर्देशांक २२.३ भरला. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के होती, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के! वरून बारीक दिसणाऱ्या भारतीय शरीरात चरबी लपलेली असू शकते, हे या एका छायाचित्राने जगाला दाखविले. पुण्याजवळील खेड्यांतील नवजात बालकांच्या अभ्यासातही हेच दिसले. त्यांचे सरासरी वजन २.७ किलो, म्हणजे इंग्लंडमधील बालकांच्या ३.५ किलोपेक्षा बरेच कमी होते. तरी त्यांच्या अंगावरील चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. कमी होते ते स्नायू.

म्हणूनच भारतीयांसाठी मर्यादा अधिक कडक ठरविल्या आहेत. किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की देहभार निर्देशांक मिळतो. तो २३ च्या पुढे गेला तर वजन जादा, आणि २५ च्या पुढे गेला तर लठ्ठपणा समजावा. १६० सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीसाठी ही वजने अनुक्रमे सुमारे ५९ व ६४ किलो होतात. त्याहून सोपे माप म्हणजे शिंप्याची टेप. पुरुषाच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या व स्त्रीचा ८० सेंटिमीटरच्या आत असावा. पोटाभोवतीची चरबीच मधुमेह व हृदयविकाराला अधिक जवळची आहे.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते. आपल्याकडे मुळातच चरबी जास्त आणि स्नायू कमी. मग वजन उतरविताना चरबी गेली पाहिजे, स्नायू नव्हे. उपासमारीने नेमके उलट घडते.

घाईचे दुष्परिणाम

लग्न किंवा नाताळ जवळ आला की, पंधरा दिवसांत दहा किलो उतरविण्याचा विचार डोक्यात येतो. कोणी दिवसभर केवळ फळांचा रस घेतो, कोणी रात्रीचे जेवण सोडतो, कोणी घाम काढणारा पट्टा पोटाला बांधतो. पट्ट्याने जे उतरते ते केवळ पाणी. दोन पेले पाणी प्यायले की ते परत येते. फार कमी खाल्ल्याने सुरुवातीला काटा खाली येतो खरा, पण त्यात पाणी व स्नायूही जातात. चक्कर येणे, केस गळणे, पाळी अनियमित होणे व पित्ताशयात खडे होणे हे त्याचे परिणाम होऊ शकतात. शिवाय स्नायू घटल्यामुळे शरीराची रोजची गरजही घटते. म्हणून पूर्ववत खाणे सुरू होताच वजन वाढते, आणि वाढते ते मुख्यतः चरबीचे.

गोळ्यांच्या बाबतीतही सावध असावे. सिबुट्रामीन हे भूक मारणारे औषध एकेकाळी सर्रास विकले जाई. हृदयविकार व पक्षाघाताच्या धोक्यामुळे भारतात त्यावर २०११ मध्ये बंदी आली. २०२५ मध्ये आठवड्यातून एकदा घ्यावयाची नवी इंजेक्शने आपल्या देशात आली. ती परिणामकारक आहेत, पण डॉक्टरांनी तपासून दिली तरच घ्यावीत. आणि ती थांबविल्यावर उतरलेले वजन बहुधा पुन्हा वाढते. जेवणाच्या व चालण्याच्या सवयी बदलण्यावाचून सुटका नाही.

मग सुरक्षित वेग कोणता? आठवड्याला सुमारे अर्धा किलो. त्यासाठी दिवसाला साधारण ५५० कॅलरींची बचत करावी लागते. ती अशी करता येईल:

चहाच्या चार कपांत एकेक चमचा साखर कमी: ८० कॅलरी.
दिवसभराच्या स्वयंपाकात आपल्या वाट्याचे तीन लहान चमचे तेल कमी: १३५ कॅलरी.
संध्याकाळची एक कचोरी वगळून त्याऐवजी काकडी किंवा मुळा: सुमारे २०० कॅलरी.
अर्धा तास भरभर चालणे: सुमारे १३० कॅलरी.

बेरीज ५४५ होते. यात उपाशी कोणी राहिले नाही, आणि एकही जेवण सुटले नाही.

ताटात काय असावे?

ताटाचा अर्धा भाग भाजी व कोशिंबिरीने भरावा. पाव भागात डाळ, उसळ, अंडे, मासळी किंवा चरबी काढलेले मांस असावे, आणि उरलेल्या पाव भागात पोळी किंवा भात. प्रथिनांकडे दुर्लक्ष करू नये; स्नायू त्यांच्यावरच टिकतात, आणि भूकही लवकर लागत नाही. भाजीसाठी महागडी परदेशी पाने आणावयास नकोत. लखनौच्या बाजारात हिवाळ्यात बथुआ येतो, तोच आपला चाकवत. सरसूची भाजी, मुळा व गाजर तेव्हाच मिळतात, आणि उन्हाळ्यात काकडी.

मग कबाब व आंबा कायमचे वर्ज्य करावेत काय? नाही. जे कायमचे सोडले जाते, ते बहुधा महिन्याभरात दुप्पट भुकेने परत येते. सळईवर निखाऱ्यांवर भाजलेला कबाब कांदा-मुळ्याबरोबर खाणे आणि तोच तुपाळ पराठ्यात गुंडाळून खाणे, यांत मोठा फरक आहे. मलिहाबादचा एक दशहरी आंबा जेवणानंतर मिठाईऐवजी चिरून खावा. साखर घातलेल्या मिल्कशेकच्या पेल्यातून तीन आंबे पिऊ नयेत. सावकाश जेवावे, कारण पोट भरल्याची जाणीव होण्यास साधारण वीस मिनिटे लागतात. भरभर जेवणाऱ्याचे पोट भरते, पण मनाला ते उशिरा कळते.

चालण्याचे महत्त्व

ख्रिस्ती मंडळींनी शरीराच्या शिक्षणाकडेही लक्ष दिले आहे. मद्रास येथे १९२० मध्ये वाय.एम.सी.ए.चे हॅरी क्रो बक यांनी शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय सुरू केले, आणि १९३२ मध्ये लखनौतही शारीरिक शिक्षणाचे ख्रिस्ती महाविद्यालय स्थापन झाले. शरीराच्या कसरतीचा उपयोग मर्यादित आहे असे पौल तीमथ्याला कळवितो (१ तीमथ्य ४:८); पण उपयोग नाही, असे तो म्हणत नाही.

प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास भरभर चालले की ती पूर्ण होते. चालताना बोलता यावे, पण गाता येऊ नये. हीच योग्य गती. आजवर न चाललेल्याने दहा मिनिटांपासून आरंभ करून दर आठवड्याला पाच मिनिटे वाढवावीत. याशिवाय आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना ताण द्यावा: हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठणे, भिंतीला हात लावून दंड काढणे, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणे. त्यासाठी व्यायामशाळेचे शुल्क भरावे लागत नाही.

ऋतूचेही भान ठेवावे. लखनौत मे-जूनमध्ये पारा ४० अंशांच्या वर जातो. तेव्हा पहाटेच चालून यावे. डिसेंबर-जानेवारीत मात्र पहाटे दाट धुके व धूर असतो. त्या दिवसांत ऊन पडल्यावर बाहेर पडणे हिताचे. शहरात २०१४ मध्ये खुले झालेले ३७६ एकरांचे जनेश्वर मिश्र उद्यान आहे. पण उद्यान जवळ नसेल तर गच्ची किंवा जिनाही चालतो.

मधुमेहाची किंवा रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. आहार कमी झाला की औषधाची मात्राही बदलावी लागते, नाहीतर रक्तातील साखर एकाएकी खाली जाऊ शकते. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या मातांनी वजन कमी करण्याच्या मागे लागू नये. चालताना छातीत दुखले किंवा धाप असह्य झाली, तर तेथेच थांबून वैद्यकीय मदत घ्यावी.

आदरातिथ्य आणि संयम

मध सापडला तर पुरेल इतकाच खावा, असा सल्ला नीतिसूत्रे २५:१६ मध्ये आहे. मध वाईट आहे असे तेथे म्हटलेले नाही. प्रश्न मापाचा आहे. पाहुण्याने आरंभीच थोडे वाढून घ्यावे, सावकाश खावे आणि पदार्थाची मनापासून प्रशंसा करावी. रिकामे ताटच पुन्हा भरले जाते! यजमानानेही एक आग्रह पुरेसा मानावा. मंडळीच्या चहापानात तळलेल्या पदार्थांबरोबर फळे व भाजलेले चणे ठेवले, तर नकार देण्याचा प्रसंगच पुष्कळांवर येणार नाही.

तसेच, कोणाच्या लठ्ठपणाची थट्टा करू नये. वजन वाढण्यास आनुवंशिकता, थायरॉइडचे विकार, काही औषधे, अपुरी झोप व मनस्तापही कारणीभूत असतात. टोमण्यांनी कोणाचे वजन उतरत नाही. घरातील एकजण पथ्यावर व बाकीचे पुरीवर, असे असेल तर तो एकजण फार दिवस टिकत नाही. सर्व घराने मिळून चालावे व सर्वांनी एकच जेवण जेवावे. मुलांनाही त्याचा लाभ होतो.

दोन-तीन महिन्यांनी काटा काही काळ एकाच जागी थांबतो. तेव्हा निराश होऊ नये. कंबर मोजावी, जिना चढताना धाप कमी लागते काय ते पाहावे. ज्याचे वजन ८० किलो आहे, त्याने चार किलो उतरविले तरी रक्तदाब व रक्तातील साखर यांवर चांगला परिणाम दिसू लागतो. शरीर ही आपल्याकडे सोपविलेली ठेव आहे; ती एका पंधरवड्यात सुधारावयाची नसून आयुष्यभर सांभाळावयाची आहे.

उजळणीसाठी प्रश्न

१. सडपातळ दिसणाऱ्यांनीही कंबर का मोजावी?
२. उपासमारीने वजन उतरविल्यास शरीरातील काय कमी होते, आणि नंतर काय वाढते?
३. आपल्या घरात महिन्याला माणशी किती तेल व साखर लागते? त्यातून काय कमी करता येईल?
४. पुढील मेजवानीत पाहुणा म्हणून व यजमान म्हणून आपण कोणता बदल करू शकतो?