एका होडीतले पाच जण

होडी तुम्ही पाहिली असेल. नदीला पाणी असले की नावाडी माणसांना पलीकडे नेतो. त्याच्या हातात वल्हे असते. तो ते पाण्यात मारतो आणि होडी चालते. तो एकटाच वल्हवतो. त्याला कुणाशी जुळवून घ्यावे लागत नाही.

आम्ही पुण्याला कॉलेजात होतो, तेव्हा चार वर्षे होडी वल्हवली. ती शर्यतीची होडी होती. पुण्यात मुळा आणि मुठा या दोन नद्या एकमेकींना मिळतात. त्या जागेला संगम म्हणतात. संगमाजवळ, मुळेच्या पात्रात, आम्ही वल्हवायला शिकलो. आमच्यातले दोघे शेतकऱ्याची मुले होते. विहिरीत पोहायची त्यांना सवय होती. पण वल्हे आमच्यापैकी कुणीच हातात धरले नव्हते.

ही होडी कशी असते, ते आधी पाहू.

ती 40 फुटांहून जास्त लांब असते. रुंदी मात्र बेताची, एक माणूस कसाबसा मावेल एवढीच. चौघे जण एकामागे एक बसतात. प्रत्येकाजवळ एकच वल्हे. ते सुमारे 12 फूट लांब असते. एकाचे वल्हे उजवीकडे, तर दुसऱ्याचे डावीकडे. बसायची फळी लहान चाकांवर पुढेमागे सरकते. पाय पुढच्या आधाराला बांधलेले असतात. पाय रेटले की फळी सरकते, अंग मागे जाते आणि वल्हे पाणी ओढते. लोकांना वाटते, हे दंडाचे काम आहे. तसे नाही. खरा जोर मांड्यांचा. त्याच्या खालोखाल पाठीचा. हात सगळ्यांच्या शेवटी.

आणखी एक गंमत आहे. जिकडे जायचे, तिकडे पाठ करून चौघे बसतात. पुढची वाट त्यांना दिसत नाही. पाचवा गडी मात्र वाटेकडे तोंड करून बसतो. सुकाणू त्याच्या हाती. कॉलेजात त्याला कॉक्स म्हणत. आम्ही त्याला तांडेल म्हणू लागलो. तांडेल अंगाने हलका हवा, म्हणजे होडीवर ओझे कमी पडते. आमचा तांडेल अगदी किडकिडीत होता. पण होडीत त्याचा शब्द आम्ही मोडत नव्हतो. कारण वाट त्यालाच दिसे.

रोज पहाटे आम्ही नदीवर जात असू. थंडीत पाण्यावर धुके असे. पहिल्या महिन्यात तळहाताला फोड आले. ते फुटले, पुन्हा आले, मग घट्टे पडले. हे सगळे सोसले. अवघड गोष्ट पुढेच होती.

तिसऱ्या वर्षी आमच्यात एक नवा गडी आला. तो गावच्या तालमीत कुस्ती खेळलेला. आम्ही त्याला पैलवान म्हणत असू. त्याच्या अंगात आम्हा दोघांचे बळ होते. आम्हाला वाटले, आता शर्यत आपलीच.

पण पैलवानाचे वल्हे पाण्यात पडायला जरासा उशीर होई. फार नाही, डोळ्याचे पाते लवावे एवढाच. पण होडी तेवढ्यानेही हिसका खाई आणि एका अंगाला कले. आम्हाला ते कळत होते. पण बोलले कुणीच नाही. तो मनाचा चांगला होता. त्याला वाईट वाटेल, असे आम्ही म्हणालो. खरे सांगायचे तर वाईटपणा घ्यायची आमचीच तयारी नव्हती.

शर्यतीचा दिवस आला. काठावर गर्दी जमली. निम्मे अंतर आम्ही पुढे होतो. तेवढ्यात पैलवानाचे वल्हे वाकडे पाण्यात शिरले. असे झाले की पाणी वल्ह्याचे पाते धरून ठेवते. होडी तर पुढे पळत असते. मग वल्ह्याची मूठ उलटी येऊन माणसाच्या छातीवर बसते. तसेच झाले. पैलवान आडवा झाला. होडी जागच्या जागी थांबली. बाकीच्या होड्या निघून गेल्या.

आम्ही त्याच्याशी बोलणे टाकले. तीन दिवस असे गेले. चौथ्या दिवशी तांडेल आम्हाला म्हणाला, "दोष त्याच्या एकट्याचा नाही. त्याचं वल्हं महिनाभर मागं पडत होतं. मला दिसत होतं, तुम्हाला कळत होतं. कुणी सांगितलं का त्याला? मीही नाही सांगितलं."

आम्ही माना खाली घातल्या. त्याच्या खोलीवर गेलो. तो ट्रंक भरत होता. आम्ही चूक कबूल केली. तो म्हणाला, "आधीच सांगितलं असतंत, तर मी सुधारलो असतो. तुम्ही मला पाहुण्यासारखं वागवलंत. पाहुण्याची चूक कुणी दाखवत नाही."

हे शब्द आम्हाला फार लागले.

त्यानंतर आम्ही एक नेम केला. होडी काठाला लागली की प्रत्येकाने दुसऱ्याची चूक तोंडावर सांगायची. पाठीमागे काही बोलायचे नाही. पैलवान जोर कमी करून वेळ साधायला शिकला. आणि नवल असे, की त्याचा जोर कमी झाला तशी होडीची चाल वाढली. चौथ्या वर्षी आमचा दुसरा नंबर आला. अर्ध्या होडीने पहिला हुकला. पण आम्ही पाचही जण हसत काठावर आलो.

नाशिक जिल्ह्यात चांदवड तालुक्यात तळेगाव रोही नावाचे गाव आहे. दत्तू भोकनळ हे तिथले. मुलूख दुष्काळी. ते वडिलांबरोबर विहिरी खोदायच्या कामाला जात. 2012 साली ते सैन्यात गेले आणि तिथे वल्हवायला शिकले. 2016 साली ऑलिंपिकच्या शर्यतीत त्यांचा 13 वा नंबर आला. 2018 साली आशियाई खेळांत त्यांना एकट्याच्या शर्यतीत पदक मिळाले नाही. दुसऱ्याच दिवशी ते चौघांच्या होडीत बसले. बरोबर स्वर्ण सिंग, ओम प्रकाश आणि सुखमीत सिंग होते. त्या चौघांनी सोन्याचे पदक आणले. आदल्या दिवशी हरलेला गडी पुन्हा सोबत्यांबरोबर होडीत बसला, हे आम्हाला पदकाइतकेच मोठे वाटते.

आता आमचे केस पिकले. गुडघे कुरकुरतात. हातांचे घट्टे केव्हाच गेले. पण सोसायटीच्या बैठकीत किंवा घरात कुणाचे चुकते आहे असे दिसले, की पैलवानाची ती ट्रंक आठवते. मग आम्ही गप्प बसत नाही. जवळ बसून, हळू आवाजात, पण सांगतो.

कठीण शब्द
सुकाणू – होडीला वळण देण्याचे साधन
कलणे – एका बाजूला झुकणे
घट्टा – कातडी जाड होऊन पडलेली खूण

विचार करा
1. तांडेल अंगाने हलका का लागतो?
2. पैलवानाचे बळ मोठे असून होडीला हिसका का बसे?
3. "पाहुण्यासारखं वागवलंत" असे पैलवान का म्हणाला?
4. एखाद्याची चूक दिसूनही तुम्ही कधी गप्प राहिलात का? पुढे काय झाले? चार ओळी लिहा.