गोठ्यांतील छुपा रोगवाहक कसा ओळखावा

आपल्या जिल्ह्यांत, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर व आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत, लोणी, घोडेगांव, काष्टी येथील बाजारांतून गाभण संकरित कालवडी आणण्याची वहिवाट आहे. घेणारा कास पाहतो, दांत पाहतो, चाल पाहतो. पोटांतील वासराची चौकशी मात्र कोणी करीत नाहीं.

प्रस्तुत लेखकानें महसूल खात्यांतील कारकुनी संपल्यावर अशीच एक पांच महिन्यांची गाभण कालवड आणली होती. तिला वासरी झाली, पण ती कांहीं केल्या वाढेना. मुक्त गोठा, एकच गव्हाण, सर्व जनावरांचें तोंडास तोंड. पुढील वर्षीं दोन गाई गाभडल्या व एक वारंवार उलटूं लागली. मीं आहारांत दोष समजून पेंड वाढविली आणि ती खुरटी वासरी बाजारांत विकून मोकळा झालों. तपासणी झाली नसल्यामुळें तिला पुढें वर्णिलेला रोगच होता असें म्हणतां येत नाहीं; परंतु ज्यानें ती नेली त्याच्या गोठ्याचें काय झालें असेल, हा विचार मनांतून जात नाहीं.

या रोगास बोव्हाइन व्हायरल डायरिया, संक्षेपानें बी.व्ही.डी., म्हणतात. अमेरिकेंत न्यूयॉर्क संस्थानांत १९४६ सालीं तो प्रथम वर्णिला गेला. नांवांत हगवण असली तरी खरें नुकसान गर्भाचें होतें. मोठ्या गाईस संसर्ग झाल्यास ती बहुधा थोड्या दिवसांत बरी होते. परंतु गर्भ अदमासें ४० ते १२५ दिवसांचा असतां विषाणु त्याच्यांत शिरला, तर गर्भाची प्रतिकारशक्ति तयार झालेली नसल्यामुळें तो विषाणूस आपलाच समजतो. असें वासरूं जगलें तर जन्मभर नाक, लाळ, शेण, मूत्र व दूध यांवाटे विषाणु सोडीत राहतें. पुष्कळ अशीं वासरें खुरटतात व दोन वर्षांच्या आंत मरतात; पण कांहीं धष्टपुष्ट दिसतात, आणि तींच अधिक घातक. मनुष्यास हा रोग होत नाहीं.

डोळ्यांनीं पाहून निदान होत नाहीं. येथें एक चूक नेहमीं घडते. रक्तांत रोगाशीं लढणारीं प्रतिपिंडें आहेत कीं नाहींत एवढेंच पाहिलें, तर छुपा रोगवाहक बहुधा निर्दोष ठरतो, कारण त्याचें शरीर लढतच नाहीं! म्हणून प्रत्यक्ष विषाणु शोधणारी तपासणी मागावी. त्यासाठीं कानाच्या कडेचा लहानसा तुकडा किंवा रक्त घेतात. लहान वासरास चिकांतून आईचीं प्रतिपिंडें मिळालेलीं असतात व तीं रक्ताच्या तपासणींत विषाणूस झांकूं शकतात. कानाच्या कातडींत ही अडचण कमी. विषाणु आढळल्यास तीन ते चार आठवड्यांनीं पुन्हां तपासावें. तात्पुरता संसर्ग तोंवर गेलेला असतो, कायमचा तसाच राहतो.

प्रथम वासरें तपासावीं. वासरूं निर्दोष निघालें तर त्याची आईहि कायमची रोगवाहक नव्हे. वासरूं दोषी निघालें तर आईस तपासावें, कारण रोगवाहक गाईचें प्रत्येक वासरूं रोगवाहकच होतें. उलटपक्षीं विकत घेतलेली गाभण कालवड स्वतः निर्दोष ठरली, तरी व्याल्यावर तिचें वासरूं तपासल्याखेरीज निश्चिंत होऊं नये. नमुन्याविषयीं तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत विचारावें. भोपाळ येथील राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेंत या विषाणूवर संशोधन झालेलें आहे.

स्वित्झर्लंडमध्यें २००८ सालीं देशांतील सर्व गुरांची तपासणी हातीं घेऊन दोषी जनावरें काढून टाकण्यांत आलीं. आपल्याकडे १९७६ च्या कायद्यानें गाईंच्या व २०१५ च्या दुरुस्तीनें बैलांच्याहि कत्तलीस बंदी असल्यामुळें तो मार्ग नाहीं. दोषी जनावर विकणें म्हणजे रोग शेजाऱ्यास विकणें होय. त्यास निराळ्या छपरांत, निराळ्या गव्हाणीवर ठेवावें, गाभण गाईंजवळ बांधूं नये व त्याचें काम शेवटीं करावें. नवीन कालवड आणल्यास तिच्या कानाच्या बिल्ल्याचा क्रमांक, भरविल्याची तारीख व खरेदीची तारीख वहींत टिपावी. ४० ते १२५ दिवसांचा काळ तिनें कोणाच्या गोठ्यांत काढला तें त्यावरून कळतें.