शिरपूरची वाट आणि खंडांचे महामार्ग

आपल्या शिरपूर जैन गावाची वाट कोठवर जाते, असे विद्यार्थ्यांना विचारले, तर बहुतेक जण मालेगावचे किंवा वाशिमचे नाव सांगतील. हे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे. भूगोलाचा नकाशा उघडून आपण हीच वाट थोडी पुढे नेऊन पाहू.

मालेगावास राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १६१ मिळतो. त्याने उत्तरेस निघाले म्हणजे मेडशी व पातूर ही गावे मागे पडतात आणि पठार उतरून आपण पूर्णेच्या सखल खोऱ्यात अकोल्यास येतो. तेथे पूर्व-पश्चिम जाणारा जो मोठा रस्ता लागतो, तो देशाच्या नकाशावर राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ होय; आशिया खंडाच्या नकाशावर मात्र तोच आशियाई महामार्ग क्रमांक ४६ आहे. हा आशियाई मार्ग सुरतेजवळील हजिरा येथून निघून धुळे, जळगाव, अकोला, अमरावती, नागपूर व रायपूर ह्या शहरांवरून पश्चिम बंगालमधील खरगपूरकडे जातो. वऱ्हाडात त्याने सातपुडा व अजिंठ्याचे डोंगर ह्यांमधील सपाट भूमी धरली आहे. १८६७ साली नागपुरास पोहोचलेल्या आगगाडीनेही हीच भूमी निवडली होती; कारण येथे चढउतार थोडा आहे.

जो मार्ग भारताबाहेर जात नाही, त्यास आशियाई का म्हणावे? त्याचे कारण असे की, खरगपूरहून कोलकात्यास गेले म्हणजे आशियाई महामार्ग क्रमांक १ मिळतो. हा जपानातील तोकियोपासून बांगलादेश, भारत, पाकिस्तान, इराण इत्यादी देशांतून तुर्कस्तान व बल्गेरिया ह्यांच्या सीमेपर्यंत आखलेला आहे. मध्ये समुद्र आला तेथे अर्थातच जहाज घ्यावे लागते. ह्या जाळ्याची योजना १९५९ साली संयुक्त राष्ट्रांच्या आश्रयाखाली सुरू झाली व तत्संबंधीचा करार ४ जुलै २००५ रोजी अमलात आला.

परंतु ह्या करारात एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. मार्ग, त्यांचा दर्जा व क्रमांकाच्या पाट्या तो ठरवितो. परक्या देशाचा माल व उतारू आपल्या भूमीतून जाऊ द्यावेत, असे बंधन तो कोणत्याही राष्ट्रावर घालीत नाही. एप्रिल २०२५ मध्ये पहलगाम येथील हल्ल्यानंतर भारताने अटारीचे नाके बंद केले. रस्ता तसाच राहिला, क्रमांकही तोच राहिला. वाहतूक मात्र थांबली.

उत्तर युरोपातही हाच धडा मिळतो. तेथील ई-१८ हा महामार्ग उत्तर आयर्लंडपासून स्कॉटलंड, नॉर्वे, स्वीडन व फिनलंड ह्यांतून रशियातील सेंट पीटर्सबर्गपर्यंत आखलेला आहे. नॉर्वे व स्वीडन ह्यांची सीमा तेथील नागरिक पारपत्रावाचून ओलांडतात. तोच मार्ग पुढे रशियाच्या हद्दीशी येतो. तेथील वालिमा हे नाके फिनलंडने डिसेंबर २०२३ मध्ये बंद केले. एकाच रस्त्यावर एक सीमा शेजाऱ्याच्या अंगणासारखी, तर दुसरी कुलूप लावलेल्या दारासारखी झाली.

ह्यावरून असे दिसते की, डांबर व खडी ह्यांनी रस्ता होतो. त्यावरून जाणे-येणे शेजाऱ्यांच्या परस्पर विश्वासाने होते. विद्यार्थ्यांनी आशियाचा नकाशा घेऊन शिरपूरपासून तुर्कस्तानापर्यंत ही वाट पेन्सिलीने रेखावी आणि प्रत्येक सीमेवर तांबडी खूण करावी. तेथील दार कोणत्या साली, कोणत्या कारणाने उघडले वा मिटले, हे घरी वडीलधाऱ्यांस विचारून खुणेजवळ लिहावे. इतिहास व भूगोल हे दोन्ही विषय त्या एका रेघेवर भेटतील.