पंप शेडात, बॅटरी खड्ड्यात!



लागणीनंतरच्या तणनाशकापासून मोठ्या बांधणीपर्यंत बॅटरीचा फवारणी पंप आपल्या हाताखाली असतो. ऊस डोक्यावर गेला की तो शेडात टांगला जातो, तो थेट खोडव्याच्या वेळी निघतो. आणि नेमका तेव्हाच चालत नाही. मजूर बांधावर उभे, जमिनीची ओल उडून चाललेली आणि आपण बॅटरीच्या दुकानात! वापरून बॅटरी झिजते हे खरे, पण नुसती ठेवूनही ती मरते. याची कारणे समजून घेऊ.

बहुतेक पंपांत 12 व्होल्टची शिशाची बंद बॅटरी असते. ती न वापरताही दरमहा सुमारे 3 ते 5 टक्के उतरते. उष्णता वाढली की हा वेग वाढतो. म्हणून तापलेला पत्रा तिचा वैरी. उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली, की आतील पट्ट्यांवर शिशाच्या क्षाराचे कठीण खडे धरतात. मग चार्जिंग घेतच नाही.

दुसरे कारण बटण. समजा, बटण चालू राहिले आणि मीटरचा दिवा 20 मिलिअँपिअर वीज खात राहिला. 8 अँपिअर-तासाची बॅटरी 400 तासांत, म्हणजे 16-17 दिवसांत रिकामी!

तेव्हा पंप ठेवताना एवढे करावे :

1) बॅटरी पूर्ण चार्ज करावी. चार्जरचा दिवा हिरवा झाला की काढावी. महिनोन् महिने लावून ठेवू नये.

2) बटण बंद करून बॅटरीची वायर सोडवावी. उघड्या टोकांना चिकटपट्टी लावावी. पुन्हा जोडताना लाल वायर अधिक खुणेलाच.

3) घरात, सावलीच्या कोरड्या जागी ठेवावी. खते-औषधांजवळ नको.

4) दर दोन महिन्यांनी चार्ज करावी. अमावास्या-पौर्णिमा धरून आठवण ठेवली तरी चालेल.

बॅटरीवर लिथियम असे छापले असेल तर नियम वेगळा. ती पूर्ण भरून न ठेवता साधारण निम्मी भरून ठेवावी व दर तीन महिन्यांनी पाहावी.

आता हातबॅटरीविषयी. रात्रीच्या पाळीला पाणी द्यायला जाताना पायाखाली साप आणि उसात बिबट्या, तिथे ती दगा देऊन कशी चालेल? महिनाभर लागणार नसेल तर सेल बाहेर काढून ठेवावेत. जुना सेल आतच फुटून पाझरला तर स्प्रिंग गंजते. नवा-जुना सेल एकत्र घालू नये. सेल उन्हात तापवल्याने घटकाभर उजेड वाढतो, पण सेल लवकर वाळतो व पाझरतो.

मेलेली बॅटरी विहिरीत, ओढ्यात किंवा उकिरड्यावर टाकू नये. शिसे हे विष आहे. नवी घेताना जुनी दुकानदाराला परत द्यावी.

दोन महिन्यांतून एकदा चार्जिंगला लावण्याचे कष्ट ते काय? पण तेवढ्याने ऐन घाईतला दिवस आणि नव्या बॅटरीचा खर्च दोन्ही वाचतात.

— ऊस विकास अधिकारी