भय आणि मोजमाप

भूगोलाचा तास चालू होता. फळ्यावर जपानचा नकाशा टांगलेला होता आणि मी विद्यार्थ्यांना प्रशांत महासागरातील प्रवाह समजावून देत होतो. इतक्यात एका विद्यार्थिनीने उभे राहून विचारले, "सर, जपानने अणुभट्टीचे पाणी समुद्रात सोडले, असे घरी म्हणतात. तेच पाणी ढगातून आमच्या कपाशीवर पडेल काय?" वर्गात हशा पिकला. मला मात्र हसू आले नाही. पैनगंगेच्या काठी, समुद्रापासून इतक्या दूर राहणाऱ्या एका शेतकऱ्याच्या मुलीला हजारो मैलांवरील अणुभट्टीची चिंता वाटावी, यात हसण्याजोगे काय आहे? ज्याच्या घरचे वर्षाचे अन्न आभाळावर अवलंबून असते, तो आभाळाविषयी विचारणारच. मी कलाशाखेचा पदवीधर. पदार्थविज्ञान हा माझा विषय नव्हे. म्हणून "पुढील आठवड्यात सांगतो" एवढेच मी म्हणालो. त्या आठवड्यात जे वाचले व समजून घेतले, ते आज आपल्या वार्षिकाच्या वाचकांपुढे ठेवीत आहे.

प्रथम मूळ गोष्ट पाहू. सृष्टीतील बहुतेक अणू स्थिर असतात. काही मात्र अस्थिर असतात. असा अस्थिर अणू फुटताना त्यातून सूक्ष्म कण अथवा किरण बाहेर पडतात. यालाच किरणोत्सार म्हणतात. हे किरण डोळ्यांस दिसत नाहीत, त्यांस वास नाही, चव नाही. साप दिसतो, आग दिसते, महापूर दिसतो. हे संकट दिसत नाही. लोकांच्या मनातील भयाचे अर्धे मूळ येथेच आहे. परंतु जे दिसत नाही ते मोजता येते. एका सेकंदास एक अणू फुटला तर त्यास एक बेकरेल म्हणतात, आणि शरीरावर होणाऱ्या परिणामाचे माप सीव्हर्ट या एककाने सांगतात. किरणोत्सार हा केवळ मानवाने निर्माण केलेला पदार्थ आहे, असेही नव्हे. माती, खडक, आकाश आणि आपले अन्न यांतून जगातील सर्वसाधारण मनुष्यास वर्षाकाठी सुमारे 2.4 मिलीसीव्हर्ट एवढा किरणोत्सार निसर्गतःच मिळत असतो. केरळच्या किनाऱ्यावरील मोनाझाइटयुक्त वाळूच्या प्रदेशात तर हे प्रमाण याहून पुष्कळ अधिक आहे. तेव्हा "किरणोत्सार आहे काय?" हा प्रश्न अपुरा होय, "किती आहे, कोणत्या पदार्थाचा आहे आणि किती काळ टिकणार आहे?" हा पुरा प्रश्न होय.

किती काळ टिकणार, हे अर्धायुष्यावरून कळते. एखाद्याने रोज गाठीच्या पैशांपैकी निम्मे खर्च करावे, उरलेल्यातील निम्मे दुसऱ्या दिवशी, त्यातील निम्मे तिसऱ्या दिवशी. तशी ही घट असते. आयोडीन 131 या पदार्थाचे अर्धायुष्य सुमारे 8 दिवसांचे आहे. म्हणजे 80 दिवसांत तो दहा वेळा निम्मा होतो आणि मूळच्या हजाराव्या हिश्शाहूनही कमी उरतो. सीझियम 137 चे अर्धायुष्य सुमारे 30 वर्षांचे आहे. तो एका पिढीच्या आयुष्यात जेमतेम निम्मा होतो. हे दोन आकडे लक्षात ठेवले तर पुढील सर्व हकीकत उलगडते.

26 एप्रिल 1986 च्या मध्यरात्रीनंतर त्या काळच्या सोव्हिएत संघातील युक्रेन प्रांतात चेर्नोबिल येथील चौथ्या अणुभट्टीचा, एक चाचणी चालू असताना, स्फोट झाला. जवळच प्रिप्यात नावाचे सुमारे 49 हजार वस्तीचे नगर होते. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तेथील लोकांस काहीच सांगितले गेले नाही. मुले अंगणात खेळत राहिली. जगास ही वार्ता प्रथम कळली ती सोव्हिएत शासनाकडून नव्हे, तर स्वीडनमधील फोर्समार्क येथील अणुकेंद्रातून. 28 एप्रिल रोजी तेथील एका कामगाराच्या पादत्राणांवर किरणोत्सार आढळला आणि तो आपल्या केंद्रातील नाही, हे तेथील शास्त्रज्ञांनी ताडले. त्याच सायंकाळी सोव्हिएत शासनाने अपघात झाल्याचे जाहीर केले.

या मौनाची किंमत मुलांनी दिली. ढगातून आलेले आयोडीन गवतावर पडले, गवत गाईंनी खाल्ले, ते दुधात उतरले आणि दूध मुलांनी प्याले. आपल्या गळ्यातील अवटु ग्रंथीस आयोडीन हवेच असते. चांगले कोणते व घातक कोणते, हे तिला कळत नाही. त्यामुळे त्या प्रदेशांत तेव्हा अठरा वर्षांखाली असलेल्या मुलांपैकी हजारोंना पुढे या ग्रंथीचा कर्करोग झाला. त्यातील बहुसंख्य रुग्ण उपचारांनी वाचले, हे खरे. पण काही आठवडे ताजे दूध पाजू नका, एवढे एक वाक्य वेळेवर सर्वत्र पोहोचले असते, तर कितीतरी मुलांचे दुखणे टळले असते. आयोडीनचे अर्धायुष्य आठ दिवसांचे! धीर धरण्याचा अवधी किती थोडा होता!

हा ढग युरोपावर पसरला आणि त्याची छाया मुंबईपर्यंत आली. आयर्लंडमधील लोणी दुग्धविकासाच्या 'ऑपरेशन फ्लड' योजनेखाली साहाय्य म्हणून भारतात आले होते. त्यापैकी 200 मेट्रिक टन लोण्याविषयी शंका उपस्थित झाली की, चेर्नोबिलच्या किरणोत्साराने ते दूषित झाले आहे. मुंबईतील जागरूक नागरिकांनी उच्च न्यायालयाचे दार ठोठावले. तेथे दाद लागली नाही, तेव्हा ते सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने तीन तज्ज्ञांची समिती नेमली. अणुऊर्जा नियामक मंडळाने 27 ऑगस्ट 1987 रोजी खाद्यपदार्थांसाठी ज्या मर्यादा ठरविल्या होत्या, त्यांच्या आत असलेले पदार्थ खाण्यास निर्धोक आहेत, असे मत समितीने दिले आणि 1988 मध्ये न्यायालयाने ते मान्य केले. नागरिक दावा हरले, असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. ज्या प्रश्नाचे उत्तर बंद दाराआड दिले गेले असते, त्याचे उत्तर त्यांनी उघड न्यायालयात द्यावयास लावले. मुलाच्या पोळीवरील लोण्यात काय आहे, हे विचारण्याचा अधिकार आईस आहे, हे या दाव्याने दाखवून दिले.

पुढे पंचवीस वर्षांनी, 11 मार्च 2011 रोजी, जपानच्या ईशान्येस 9.0 तीव्रतेचा भूकंप झाला. फुकुशिमा दाइइची केंद्रातील चालू अणुभट्ट्या ठरल्याप्रमाणे आपोआप बंद पडल्या. परंतु चूल विझली तरी निखारे धुमसत राहतात, तशी बंद भट्टीतही उष्णता निर्माण होत राहते; ती निववण्यास सतत पाणी लागते आणि पाण्यास वीज लागते. सुमारे 14 मीटर उंचीच्या समुद्रलाटेने विजेची पर्यायी यंत्रे बुडविली आणि तीन भट्ट्यांतील इंधन वितळले. दीड लाखांहून अधिक लोकांस घरे सोडावी लागली. किरणोत्सार वाऱ्याने कोठे जाईल, याचे संगणकावर काढलेले अंदाज शासनाकडे होते. ते लोकांस वेळीच कळले नाहीत आणि नामिए गावचे रहिवासी ज्या दिशेस किरणोत्सार जात होता, त्याच दिशेस आश्रयास गेले. याउलट टोकियोचे उदाहरण पाहा. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यानंतर तेथील एका जलशुद्धीकरण केंद्राच्या पाण्यात लिटरमागे 210 बेकरेल आयोडीन आढळले. तान्ह्या मुलांसाठी मर्यादा 100 ची होती. नगरप्रशासनाने ते जाहीर केले, बालके असलेल्या घरांस बाटलीबंद पाणी वाटले, आणि दुसऱ्या दिवशी प्रमाण मर्यादेखाली आल्यावर तेही सांगितले. खरे सांगितल्याने नगर बुडाले नाही.

जेथे खरी वार्ता पोहोचत नाही, तेथे अफवा पोहोचते. त्याच मार्च महिन्यात चीनमधील लोकांनी मिठाची दुकाने रिकामी केली, कारण आयोडीनयुक्त मीठ खाल्ल्याने संरक्षण मिळते, असा समज पसरला. विद्यार्थिमित्रहो, येथे अंकगणित कामास येते. अपघाताच्या वेळी प्रौढास देण्यात येणाऱ्या गोळीत सुमारे 100 मिलीग्रॅम आयोडीन असते. आपल्याकडे घरी पोहोचलेल्या एक किलो मिठात ते किमान 15 मिलीग्रॅम असावे, असा दंडक आहे. म्हणजे एका गोळीइतके आयोडीन मिळविण्यास साडेसहा किलोहून अधिक मीठ खावे लागेल! किरणोत्सार मारण्यापूर्वी मीठच मारील. हा भागाकार पाचव्या इयत्तेतील मुलासही येतो; भयाच्या भरात तो कोणी केला नाही, इतकेच.

भय स्वतः निरुपद्रवी नसते, हेही फुकुशिमाने शिकविले. संयुक्त राष्ट्रांच्या शास्त्रीय समितीस तेथील रहिवाशांच्या प्रकृतीवर किरणोत्साराचा थेट दुष्परिणाम झाल्याचे आढळले नाही. परंतु घाईच्या स्थलांतरात, रुग्णालयांतून हलविलेल्या वृद्धांचे आणि पुढे निर्वासित जीवनात खचलेल्यांचे मिळून दोन हजारांवर मृत्यू त्या प्रांतात नोंदले गेले. बेफिकिरी जशी घातक, तशी आंधळी पळापळही घातक.

आता त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे येऊ. 24 ऑगस्ट 2023 पासून जपानने भट्ट्या निवविण्यास वापरलेले पाणी, शुद्ध करून, समुद्रात सोडण्यास आरंभ केला. शुद्धीकरणाने सीझियमसारखे पदार्थ मर्यादेखाली आणता येतात. ट्रिटियम मात्र काढता येत नाही, कारण तो हायड्रोजनचाच एक प्रकार असून पाण्याचाच भाग बनून राहतो. म्हणून ते पाणी समुद्राच्या पाण्यात मिसळून इतके विरळ करतात की, लिटरमागे ट्रिटियम 1500 बेकरेलपेक्षा कमी राहावा. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने सुचविलेली मर्यादा 10 हजार बेकरेलची आहे. शिवाय अंतराळातील किरणांमुळे वातावरणात ट्रिटियम निसर्गतःही तयार होत असतो आणि आपल्या प्रत्येक पावसात तो अत्यल्प प्रमाणात असतोच. तेव्हा आदिलाबादच्या कपाशीस जपानच्या पाण्यापासून भय नाही, असे मी पुढील आठवड्यात वर्गात सांगितले.

माझे समाधान झाले होते. तिचे झाले नव्हते. ती पुन्हा उभी राहिली आणि म्हणाली, "पण सर, ते पाणी मोजले कोणी?"

या वेळी वर्गात कोणी हसले नाही. सबंध विषयाचे मर्म या चार शब्दांत आहे. ज्याचा कारखाना, त्यानेच मोजले असेल, तर आकडा खरा असूनही त्यावर विश्वास बसत नाही. जपानच्या संसदेने नेमलेल्या चौकशी आयोगाने 2012 मध्ये हा अपघात मानवनिर्मित ठरविला. शासन, नियंत्रक आणि वीजकंपनी यांचे परस्परांशी असलेले साटेलोटे त्याने उघडकीस आणले. त्यामुळे पुढे पाणी सोडताना केवळ कंपनीचे मोजमाप पुरेसे ठरले नाही. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने व इतर देशांतील प्रयोगशाळांनीही नमुने तपासले. आपल्याकडेही 2012 मध्ये नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या अहवालाने, अणुऊर्जा नियामक मंडळास पुरेसे कायदेशीर स्वातंत्र्य नाही, याकडे लक्ष वेधले होते.

रत्नागिरी जिल्ह्यातील जैतापूरचा प्रश्न याच दृष्टीने पाहिला पाहिजे. राजापूर तालुक्यात माडबन गावाच्या सड्यावर 1650 मेगावॉटच्या सहा अणुभट्ट्या उभारण्याची योजना होती. शेतकऱ्यांस जमिनीची आणि आंब्याची, मच्छीमारांस खाडीची व समुद्राची चिंता होती. भट्टी निवविणारे ऊन पाणी समुद्रात आले तर मासळीचे काय होईल, हा त्यांचा प्रश्न फुकुशिमाच्या आधीपासूनचा होता; त्या दुर्घटनेनंतर त्यास नवी धार आली. 18 एप्रिल 2011 रोजी साखरी नाटे येथे आंदोलकांवर पोलिसांचा गोळीबार झाला आणि एक मच्छीमार मृत्यू पावला. माझी मातृभाषा कोंकणी. ज्या घरात ताटात मासळी नसली तर जेवण झाल्यासारखे वाटत नाही, अशा घरात मी वाढलो. त्यामुळे या लोकांस अडाणी म्हणताना मी ऐकतो तेव्हा मला वाईट वाटते. समुद्राचे पाणी थोडे ऊन झाले तर कोणती मासळी दूर जाईल, हे त्यांस पुस्तकाविना ठाऊक असते. त्याच महाराष्ट्रात तारापूर येथे 1969 पासून अणुवीज निर्माण झाली, तिने दिवे लागले आणि कारखाने चालले, हेही तितकेच सत्य आहे. वीज हवी की नको, हा वाद येथे सोडविण्याचा माझा अधिकार नाही. परंतु प्रश्न विचारणाऱ्यास आकड्यांनी उत्तर द्यावे, गोळीने नव्हे, एवढे म्हणण्यास कोणत्याही पदवीची आवश्यकता नाही.

जाता जाता एक व्यवहाराची गोष्ट. संकट नेहमी अणुभट्टीतूनच येते असे नाही. 2010 मध्ये दिल्लीच्या मायापुरी भागातील भंगार बाजारात कोबाल्ट 60 असलेले एक जुने उपकरण फोडले गेले; अनेक जण भाजल्यासारखे जखमी झाले आणि एकाचा मृत्यू झाला. ते उपकरण दिल्ली विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत कित्येक वर्षे पडून होते आणि भंगार म्हणून लिलावात विकले गेले होते. शिकल्यासवरल्या लोकांच्या विसराळूपणाचे प्रायश्चित्त भंगार फोडणाऱ्या मजुरांनी भोगले. भंगाराची दुकाने आपल्या गावीही आहेत. पिवळ्या पाटीवर तीन पाती असलेले चिन्ह कोठे दिसले, अथवा अतिशय जड शिशाचे बंद भांडे आढळले, तर त्यास हात लावू नका, फोडू नका. दूर व्हा आणि वडील माणसांस व पोलिसांस कळवा.

विद्यार्थिमित्रहो, भिऊ नका, असे मी म्हणणार नाही. भय ही निसर्गाने दिलेली राखण आहे. मात्र ते भय मोजून घ्या. किती, कशाचे, किती काळ, हे तीन प्रश्न शास्त्राचे आहेत. मोजले कोणी, हा चौथा प्रश्न नागरिकाचा आहे. पहिल्या तिन्हींची उत्तरे मला ग्रंथांत मिळाली. चौथा मला माझ्या विद्यार्थिनीने शिकविला.