मनाचे दुखणे अंगावर काढू नये

बेलापूरजवळ दिवाळे गाव आहे. खाडीकाठची ही कोळ्यांची वस्ती. आज ती नवी मुंबई शहरात आली आहे. समजा, अशाच एका गावात एक मुलगा आहे. वय १७. बारावीला आहे.

महिना झाला, त्याला धड झोप नाही. वाढलेले ताट तसेच राहते. मित्रांत जात नाही. पुस्तक उघडतो, पण डोक्यात काही शिरत नाही. उगाच चिडतो आणि मग एकटाच रडतो.

बाप म्हणतो, "अंगात आळस भरलाय." आजी म्हणते, "दृष्ट लागली. मीठ-मिरच्या ओवाळा." शेजारी हसून म्हणतात, "याला ठाण्याला न्या!" मुलगा सारे ऐकतो. तोंड मिटून बसतो.

एका रात्री आई त्याच्याजवळ बसली.

"बाळा, काय होतंय तुला? मी रागावणार नाही."

"आई, जगावंसंच वाटत नाही गं."

आईच्या काळजात धस्स झाले. पण ती ओरडली नाही. तिने त्याला गप्प केले नाही. ती म्हणाली, "सांगितलंस, बरं केलंस. आपण दोघं मिळून वाट काढू."

त्या रात्री तिने त्याला एकटे सोडले नाही. घरातली विषारी औषधे उचलून दूर ठेवली. मग दोघांनी १४४१६ या नंबरवर फोन केला.

हा फोन कसला? याचे नाव टेलि-मानस. भारत सरकारने तो १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केला. तो रात्रंदिवस चालू असतो. पैसे पडत नाहीत. मराठीत बोलता येते. पलीकडे समुपदेशक असतो. समुपदेशक म्हणजे नीट ऐकून घेणारा आणि वाट दाखवणारा माणूस. गरज पडली तर तो मनाच्या डॉक्टरांशी गाठ घालून देतो.

ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ सालचे आहे. त्याच्या नावाने लोक अजून चिडवतात. त्या भीतीने मुले बोलत नाहीत. पण मनाचे दुखणे झालेल्या बहुतेकांना भरती व्हावे लागत नाही. घरी राहून, डॉक्टरांशी बोलून, लागलीच तर गोळ्या घेऊन बरे वाटते.

ताप आला तर आपण पोराला नाटकी म्हणतो का? नाही. दवाखान्यात नेतो. मनाचेही तसेच. मनाच्या आजारांपैकी निम्मे आजार वयाच्या १८ वर्षांआधी सुरू होतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. लवकर दाखवले तर लवकर गुण येतो.

२०१७ साली यासाठी कायदा झाला. सरकारी दवाखान्यात मनाच्या आजारावर उपचार मिळणे हा आपला हक्क आहे. डॉक्टरांनी रोग्याची गोष्ट चारचौघांत सांगायची नाही. जिवाचे बरेवाईट करू पाहणाऱ्याला सरकारने आधार द्यायचा, असे हा कायदा म्हणतो.

ध्यानात ठेवा :

१. पोर गप्प झाले तर जवळ बसा. आधी ऐका, मग बोला.
२. 'जीव नको' असे म्हटले तर ते थट्टेवारी नेऊ नका. त्याला एकटे सोडू नका.
३. १४४१६ ला फोन करा. जवळच्या आरोग्य केंद्रातही विचारा.
४. जिवाला धोका दिसला तर थांबू नका. १०८ ची गाडी बोलवा.

प्रश्न :

१. मुलगा आईजवळच का बोलला?
२. तुमच्या घरी असे झाले तर तुम्ही पहिल्यांदा काय कराल?