आपले ताट : इतिहास, करुणा आणि काटकसर

‘सेंद्रिय’ हा शब्द अलीकडे आपल्या कन्नडच्या बाजारपेठेतही ऐकू येऊ लागला आहे. सुबक पाकिटावरचा तो शब्द आणि त्याखालची किंमत वाचून आपले बहुतेक पालक ते पाकीट जागेवर ठेवून देतात, आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही. शेतमजुरीवर घर चालविणाऱ्या माउलीला वाढीव दराची डाळ घ्या म्हणून सांगणे हा उपदेश नव्हे, थट्टा आहे. परंतु विषमुक्त अन्न आणि प्राण्याला न छळता मिळविलेले अन्न हा केवळ सुखवस्तूंचा विषय आहे असे मानून तो सोडून देणेही आम्हांस मान्य नाही.

काय खावे हे ठरविण्याचा अधिकार आपल्या समाजाला फार उशिरा मिळाला. पूर्वजांच्या वाट्याला मागून आणलेले शिळे तुकडे आले, मेलेल्या जनावराचे मांस आले. ते वाळवून केलेल्या चान्यांवर कित्येक घरांनी पावसाळे काढले. १९ व २० मार्च १९२७ रोजी महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी पाण्याच्या हक्काबरोबर ताटाचाही प्रश्न घेतला. मृत मांस व उष्टे तुकडे सोडण्यास त्यांनी निक्षून सांगितले. तो शाकाहाराचा प्रचार नव्हता. दुसऱ्याने टाकलेले खाणार नाही, आमचे अन्न आम्ही निवडू, हा त्यामागील स्वाभिमान होता. (मराठवाड्यातील महार-मांग समाजांच्या खाद्यजीवनाची नोंद शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या ग्रंथात केली आहे, माजी विद्यार्थ्यांनी तो अवश्य मिळवावा.)

धम्मातही या प्रश्नाचा विचार आहे. तथागतांनी उपासकास पाच व्यापार वर्ज्य सांगितले : शस्त्रांचा, प्राण्यांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. मांसाहाराविषयी जीवक सुत्तात त्रिकोटी शुद्धीचा नियम येतो. जो प्राणी आपल्यासाठी मारला असे भिक्षूने पाहिले, ऐकले किंवा त्याला तशी शंका आली, त्याचे मांस त्याने घेऊ नये. सर्व भिक्षूंना मांस वर्ज्य करा ही देवदत्ताची मागणी मात्र तथागतांनी मान्य केली नाही. येथे एक भेद आमच्या मते महत्त्वाचा आहे. भिक्षू पात्रात पडेल ते घेतो. आपण पैसे मोजून घेतो. ‘आम्ही पाहिले नाही, ऐकले नाही’ एवढे म्हणून गिऱ्हाइकाची सुटका होत नाही. विचारणे हे त्याचे काम आहे.

आणि विषाचे काय? २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मृत्युमुखी पडले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. पाठीवर पंप घेऊन, तोंडाला उपरणे बांधून फवारणारा माणूस पुष्कळदा भूमिहीन असतो, म्हणजेच पुष्कळदा आपला असतो. आपल्या तालुक्यातही कपाशी आहे, आले आहे आणि फवारणीही आहे. म्हणून सेंद्रिय अन्नाचा विचार खाणाऱ्याच्या प्रकृतीपुरता करणे आम्हांस अपुरे वाटते. त्या पंपाखालच्या पाठीचा विचार आधी व्हावा.

आता पैशाचा हिशेब. अन्नसुरक्षा कायद्याखालील प्राधान्य गटातील कुटुंबांना माणशी दरमहा ५ किलो धान्य मिळते, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. ते सेंद्रिय नसते, पण ते नाकारण्याचा शहाणपणा कोणी शिकवू नये. तेथे वाचलेला पैसा कोठे घालावा, हा खरा प्रश्न. आमच्या मते तो प्रथम डाळींवर व ज्वारीवर घालावा, आणि तोही दुकानात नव्हे, तर खळ्यावर. तूर साधारण जानेवारी-फेब्रुवारीत घरात येते, तेव्हा भाव उतरलेला असतो. आठ-दहा कुटुंबांनी मिळून ओळखीच्या शेतकऱ्याकडून वर्षाची तूर एकदम घेतली, तर आडत वाचते, पाकिटाचा खर्च वाचतो, आणि किती वेळा फवारले हे समोरासमोर विचारता येते. त्याच्याकडे प्रमाणपत्र नसेलही. शेतकऱ्यांच्या गटाने एकमेकांच्या शेतांची पाहणी करून प्रमाणित करण्याची ‘पीजीएस’ नावाची शासकीय पद्धत आहे. तिचा खर्च खाजगी प्रमाणपत्राहून बराच कमी येतो. शेती करणाऱ्या आपल्या माजी विद्यार्थ्यांनी असा एखादा गट बांधल्यास शाळेच्या स्वयंपाकघराचीही सोय होईल.

भाजीच्या बाबतीत पावसाळा आपला मित्र आहे. तांदुळजा, पाथरी, कुर्डू, घोळ, तरोटा या भाज्यांना आपल्या आज्यांनी कधी दाम मोजला नाही. मात्र एक सावधगिरी हवी : आता बांधावरही तणनाशक मारतात. त्यामुळे भाजी कोणाच्या बांधावरची आहे हे ठाऊक असल्याशिवाय खुडू नये. दारात शेवग्याचे एक झाड आणि परसात डांगराचा एक वेल एवढे तर गावातील बहुतेक घरांना जमण्यासारखे आहे. वांगी, फुलकोबी, मिरची यांवर फवारा जास्त पडतो. चार पैसे जादा द्यायचेच असतील तर ते येथे द्यावेत.

अंड्यांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. कारखानदारी पद्धतीच्या पिंजऱ्यात कोंबडीला वहीच्या उघड्या पानाएवढीही जागा मिळत नाही. पंख पसरणे तिला जन्मात घडत नाही. देशातील मक्याचा मोठा वाटा कोंबडीखाद्यात जातो, म्हणजे आपल्या शेतातला मकाही त्या साखळीत असतो. तरीही गरीब मुलाच्या ताटातले अंडे कोणी करुणेच्या नावाने काढून घेऊ नये. शालेय पोषण आहारात राज्याने नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्याला एक अंडे देण्याचे ठरविले आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबविला. त्या निर्णयात कोंबडीविषयीची दया आम्हांस तरी कोठे दिसली नाही.

उपाय परसात आहे. गावरान कोंबडी वर्षाला ६० ते ८० अंडी देते. पिंजऱ्यातली सुमारे ३०० देते. चार गावरान कोंबड्या पाळल्या तर आठवड्याला सरासरी पाच अंडी होतात, म्हणजे चौघांच्या घरात प्रत्येकी एक आणि लहान मुलाला एक जादा. खाद्य म्हणजे निवडणातले दाणे, उरलेली भाकर आणि उकिरड्यावरचे किडे. रात्री मुंगसाच्या व मांजराच्या भयाने खुराडे घट्ट हवे, आणि मानमोडीची लस पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करून वेळेवर टोचून घ्यावी. खुडुक बसलेल्या कोंबडीखाली अंडी ठेवायची की खायची, हा वाद मात्र प्रत्येक घराने आपापला मिटवावा.